राक्षस शुद्ध भाषा बोलला, तरीही…

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. नायगाव पूर्वेला आम्ही भाड्याने घर शोधत होतो. एका एजंटला फोन लावला. वन बीएचके होता, तिसरा मजला, लिफ्ट, पाण्याचा त्रास नाही. मी भाडं विचारलं, डिपॉझिट विचारलं, मेन्टेनन्स कोण भरणार तेही विचारलं. पाच-सात मिनिटं बोलणं झालं. शेवटी तो खूश होऊन म्हणाला, "बरं झालं ताई तुमचा फोन आला, मालकाला मराठी फॅमिलीच हवी होती." मग वहीत लिहून घ्यायला त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. "मालकाला विचारून कळवतो हं मॅडम," एवढं म्हणून त्याने फोन ठेवला. कळवणं अर्थातच झालं नाही.

यात नवीन काही नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी असा फोन केला असेल. त्या एजंटचाही मला फार राग आला नाही, तो दुसऱ्याची अट पुढे सरकवत होता. मनात अडकून राहिला तो 'मराठी फॅमिली' हा शब्द. पाच मिनिटं मी मराठी होते, ताई होते. नाव सांगितल्यावर माझ्या बोलण्यातला एक शब्दही बदलला नव्हता. तरी ताईची मॅडम झाले आणि मराठीतून बाहेर पडले.

त्या रात्री मला एका राक्षसाची आठवण आली.

फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस बहुतेकांना सिनेमातून माहीत असतो. १९३१ सालच्या हॉलिवूडपटात बोरिस कारलॉफने तो उभा केला. मानेत खिळे, जड पावलं, आणि तोंडातून फक्त गुरगुर. तेव्हापासून हा राक्षस मुका असतो अशी जगाची समजूत झाली. पण मेरी शेलीची मूळ कादंबरी, १८१८ साली आलेली, वाचून पाहा. तिच्यात हा राक्षस मोठमोठी वाक्यं बोलतो, युक्तिवाद करतो, आपली बाजू मांडतो. पुस्तकातलं सर्वांत प्रभावी बोलणं त्याच्याच तोंडी आहे. त्याला नाही ती दुसरीच गोष्ट: नाव. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हे त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव. ज्याने त्याला जन्मताच टाकून दिलं त्याच्याच नावाने आपण त्याला ओळखतो.

हा राक्षस भाषा शिकतो कशी, ते शिक्षक म्हणून मला फार जवळचं वाटतं. सगळीकडून दगड खाऊन तो रानातल्या एका घराला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीला फट असते. पलीकडे डी लेसी नावाचं कुटुंब राहत असतं. आंधळा म्हातारा बाप, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. मुळात फ्रान्सची माणसं, तिथून हद्दपार होऊन जर्मनीत गरिबीत राहणारी. फटीतून त्यांना बघत-ऐकत राक्षस एकेक शब्द पकडतो. पहिले शब्द कोणते? आग, दूध, पाव, लाकूड. बालवाडीतलं मूलही असंच शिकतं, घरातल्या वस्तूंपासून. शिकता शिकता त्याचा त्या कुटुंबावर जीव जडतो. रात्री गुपचूप तो त्यांच्यासाठी सरपण तोडून दारात ठेवतो. पुढे साफी नावाची परदेशी मुलगी त्या घरात येते. फेलिक्स तिला फ्रेंच शिकवू लागतो. भिंतीआडचा हा दुसरा विद्यार्थी तिच्याहून वेगाने पुढे जातो. वर्गाबाहेर राहून वर्गातल्यापेक्षा जास्त शिकलेला. आपल्याकडे वाचणाऱ्याला एकलव्य आठवल्याशिवाय राहत नाही.

त्याचा हिशेब साधा आहे. चेहरा भयंकर आहे, तो बदलता येणार नाही. पण भाषा उत्तम आली तर माणसं चेहऱ्याकडे दुर्लक्ष करतील. एके दिवशी सगळे बाहेर गेलेले पाहून तो म्हाताऱ्याच्या दारावर थाप मारतो. म्हातारा आंधळा. तो फक्त ऐकतो. बोलणं ऐकून त्याला वाटतं की पाहुणा आपल्याच देशाचा, फ्रेंचच असणार, आणि तो तसं विचारतोही. राक्षस प्रामाणिकपणे सांगतो की आपण फ्रेंच नाही, पण एका फ्रेंच घराने आपल्याला शिकवलं आणि हीच एक भाषा आपल्याला येते. म्हातारा त्याला धीर देतो. तेवढ्यात डोळे असलेली माणसं परत येतात. अगाथा बेशुद्ध पडते, फेलिक्स काठीने बडवतो. आणि साफी? ती पळून जाते.

माझ्या मते सगळी कादंबरी या एका प्रसंगात आहे. साफीची फ्रेंच अजून अडखळती होती, तरी तिला घरात जागा मिळाली. राक्षसाची अस्खलित होती, त्याला काठी मिळाली. म्हणजे आत कोण येणार हे भाषेने ठरलंच नव्हतं. आणि जी स्वतः काल बाहेरून आली होती, तिनेही त्याचं म्हणणं ऐकलं नाही.

आमचा एजंट फोनवर होता तोवर आंधळ्या डी लेसीच्या जागी होता. नाव कळलं आणि त्याला डोळे फुटले.

हे आता लिहायचं कारण असं. जून-जुलै २०२५ मध्ये मीरा रोड-भाईंदरला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाली, मग व्यापाऱ्यांचा मोर्चा, मग उलट मोर्चा. भाईंदरची खाडी ओलांडली की आमचं नायगाव. पुढचे कित्येक दिवस लोकलच्या डब्यात एकच विषय होता. त्या गर्दीत एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं: "जो मराठी बोलेल तो आपला." बोलणारे मनापासून बोलत होते. मी मराठी शिकवते. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मराठी शिकावी हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. पण हे वाक्य खरं असतं तर माझा फोन ठेवला गेला नसता.

ते खरं नाही याची उदाहरणं दूर शोधायला नकोत. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो घ्या. आयुष्यभर मराठीत लिहिलं, 'सुवार्ता'चं संपादन केलं, बायबल सुबोध मराठीत आणलं आणि त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवला. ते २०२० च्या उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा काहींनी विरोध केला. आक्षेप त्यांच्या मराठीवर नव्हता, धर्मगुरू असण्यावर होता. संमेलन झालं, मराठी समाजातले असंख्य लोक त्यांच्या मागे उभे राहिले, हेही तितकंच खरं आणि ते सांगायलाच हवं. पण प्रश्न विचारला गेला, तो विसरता येत नाही.

बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन मैदानं गाजवत होते. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्याआधी तीनशे वर्षं श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत 'योगसंग्राम' लिहीत होते. एवढं सगळं असून १९९० साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवावं लागलं. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या मित्रांनी हे काम उभं केलं. "ही वेगळी चूल कशाला?" असा प्रश्न आजही विचारला जातो. ज्याला घरात बसायला पाट मिळतो तो वेगळी चूल मांडत नाही, एवढंच उत्तर मला सुचतं.

कुणी म्हणेल, हा परक्या पुस्तकाचा दाखला झाला. तर मग आपल्या पैठणची गोष्ट ऐका. सोमदेवाने ११ व्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या कथासरित्सागरात ती आहे.

प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हतं. एकदा जलक्रीडेत राणी संस्कृतात म्हणाली, पाणी उडवू नका. संधी झालेला तो शब्द राजाला 'मोदक' असा ऐकू आला. त्याने मोदक मागवले. राणी हसली, तिच्या सख्या हसल्या. राजा इतका खजील झाला की त्याने अंथरूण धरलं. त्याला व्याकरण शिकवायचं कुणी, यावर दरबारात पैज लागली. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने. तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडेन, असं गुणाढ्य बोलून गेला आणि पैज हरला.

तिन्ही भाषा सोडलेला माणूस बोलणार काय? तो मौन धरून विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकला, पैशाची. याच भाषेत त्याने बृहत्कथा लिहिली. सात लाख श्लोक, सात वर्षं. रानात शाई मिळेना म्हणून रक्ताने. शिष्यांनी पोथी राजाकडे नेली. राजाने पाहिलं, भाषा पिशाचांची आणि अक्षरं रक्ताची. त्याने ती उघडून वाचण्याचेही कष्ट घेतले नाहीत, परत पाठवली. गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि जाळायचं. रानातली जनावरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. पुढे राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं, तो आजारी पडला, शिकाऱ्यांकडून कारण कळलं आणि तो धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. हाती लागला एक लाख.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. राक्षसाची भाषा सुसंस्कृत, चेहरा भीतिदायक. त्याला हाकललं. गुणाढ्य ब्राह्मण, राजाचा मंत्री, चेहरा ओळखीचा. भाषा मात्र पिशाचांची. त्याची पोथी परत पाठवली. म्हणजे चेहरा चुकला तर चेहऱ्याचं कारण, भाषा चुकली तर भाषेचं कारण. परीक्षा नेहमी बोलणाऱ्याची. ऐकणाऱ्याला ऐकता येतं का, हे कुणी तपासत नाही.

पैठणच्या गोष्टीत मला सर्वांत जास्त बोचतो तो राजा. भाषेवरून कुणी हसलं की कसं वाटतं, हे त्याच्याइतकं त्या दरबारात कुणाला माहीत होतं? मोदकांवरून अंथरूण धरणारा हाच माणूस. संस्कृत शिकून तो बाहेरचा आत आला, आणि आत आल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर दुसऱ्याची भाषा हलकी ठरवली.

मेरी शेलीचंही थोडं तसंच झालं. तिचं पुस्तक निनावी छापलं गेलं, आणि हे तिच्या नवऱ्याचंच असणार असं अनेकांनी धरलं. तिचं नाव पुस्तकावर आलं ते १८२३ च्या आवृत्तीत. स्वतः दाराबाहेर उभी राहिलेली ही बाई राक्षसाचं दुःख इतकं खोलवर समजू शकली. पण साफीच्या बापाचं, त्या तुर्की व्यापाऱ्याचं चित्र काढताना तिने कृतघ्न आणि कावेबाज मुसलमान हा युरोपातला तयार साचाच उचलला. इस्लाममध्ये बाईला विचार करायची मुभा नसते हेही तिने सहज गृहीत धरलं. राक्षसाला माणूस म्हणून पाहणाऱ्या लेखिकेला तो तुर्क माणूस म्हणून दिसला नाही. मुसलमान वाचक म्हणून मला तिथे ठेच लागते. तरी पुस्तक मी टाकून देत नाही, कारण मीसुद्धा त्याच रांगेतली आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या उर्दूच्या तासाला एक मुलगा होता. कुटुंब सोलापूरकडचं, कामासाठी इकडे आलेलं. वाचायला पुस्तक पुढे केलं तर तो म्हणाला, "टीचर, मेरेकू नक्को." वर्ग हसला. मीही हसले. "ये कौनसी ज़बान है बेटा?" असं विचारलं आणि शुद्ध वाक्य त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. उर्दूचा मान राखला असं मला वाटलं. त्यानंतर त्या मुलाने वर्षभर वर्गात आपणहून तोंड उघडलं नाही.

त्याचा 'नक्को' म्हणजे आपला 'नको'. दखनीने तो मराठीकडून घेतला आणि शतकानुशतकं जपला. त्या मुलाच्या एका शब्दात माझे दोन्ही विषय एकत्र नांदत होते. उर्दू आणि मराठी शिकवायचा मला पगार मिळतो, आणि तो शब्द मला ओळखता आला नाही. उर्दूवाले म्हणतात ही बिघडलेली उर्दू, मराठीवाले म्हणतात ही मुसलमानी बोली. दोन्हीकडून तिला पैशाचीचीच वागणूक. आमच्या आज्या-नान्यांच्या ओव्या, लग्नातली गाणी, कोकणी मुसलमानांच्या घरातले शब्द, यांतलं किती आपण असंच वाचून न बघता परत पाठवलं? आपल्या हातीही कदाचित एक लाखच उरलं असेल.

मोहल्ल्यातली तरुण मुलं मला वेगळाच निष्कर्ष ऐकवतात. "टीचर, मराठी कितीही चांगली आली तरी नाव ऐकून दार बंदच होतं, मग शिकायची कशाला?" हा प्रश्न मी उडवून लावत नाही, कारण तो अनुभवातून आला आहे. पण राक्षसाने पुढे काय केलं तेही मी त्यांना सांगते. दार बंद झाल्यावर त्याने ते घर जाळलं. मग ज्यांचा काही दोष नव्हता अशांचे जीव घेतले, त्यात एक लहान मुलगा होता. त्याच्यावर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं. त्या मुलाचा खून हाही अन्यायच. आणि शेवटी त्याची ती सुंदर भाषा कुणाच्या कामी आली? शेवटपर्यंत एकटा राहून तो ती बोलत राहिला. भाषा सोडून देणं हीदेखील स्वतःचीच पोथी जाळणं आहे. मराठी मी मालकाच्या परवानगीने बोलत नाही. ती माझ्या आईची आहे, म्हणून बोलते.

मग करायचं काय? त्याचं उत्तर मला पुन्हा पैठणलाच सापडतं. त्याच गावच्या संत एकनाथांनी १६ व्या शतकात 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यातला हिंदू मराठीत बोलतो, तुर्क दखनी हिंदीत. आधी माझी भाषा शिकून ये, मग बोलू, असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही. दोघे एकमेकांच्या धर्मावर तोंडसुख घेतात, आज छापायला अवघड जाईल इतकं. पण प्रत्येक जण दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकतो आणि त्याला उत्तर देतो. शेवटी गळाभेट होते. तिथवर ते पोचतात ते भांडणातूनच, कारण ते भांडण ऐकून घेऊन केलेलं आहे.

मला तेवढंच हवं आहे. "मॅडम, तुमचं मराठी किती छान हो!" हे मी वीस वर्षं ऐकते आहे. म्हणणारे चांगल्या मनाने म्हणतात, पण या कौतुकातच मला पाहुणी ठरवलेलं असतं. देशपांडेबाईंना कुणी असं म्हणत नाही. त्यापेक्षा मी जे बोलले त्याला उत्तर द्या. चुकलं असेल तर खोडून काढा, भांडा. साहित्य संमेलनात आम्हाला 'सामाजिक सलोखा' या एका परिसंवादापुरतं बोलावू नका, कवितेवर, शेतीवर, व्याकरणावर बोलायलाही बोलवा. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्या दर्जासाठी जो जुना पुरावा दिला जातो तो सातवाहन काळातल्या प्राकृताचा, म्हणजे ज्या भाषेला एकेकाळी संस्कृतापुढे कमी लेखलं जायचं तिचा. हे आठवलं तरी भाषेचा गर्व थोडा मवाळ होईल.

आणि आपल्या लोकांनाही माझं तेच मागणं आहे. उर्दू शाळेत मराठी हा फक्त पास होण्यापुरता विषय ठेवू नका. घरात कुणी 'नक्को' म्हणालं तर हसू नका. बिहारहून, बंगालहून आलेल्या शेजाऱ्याची बोली ऐकून नाक मुरडू नका. साफी पळून गेली, तसं आपण पळायचं नाही.

आम्हाला घर मिळालं, नायगावातच. त्या घरमालकाला मी फोन केला तेव्हा आधी माझं नाव सांगितलं, मग मराठी बोलले. तो म्हणाला, "बरं, कधी येताय बघायला?" तेव्हापासून मी असंच करते. आधी नाव, मग मराठी. ज्याला ऐकायचं आहे तो दोन्ही ऐकतो.